गर्भनिरोधक पॅच निघून पडला तर २४ तास धरायचे की ४८?

सांजवात
हार्मोनच्या पॅचबद्दल मराठीत नीट, तपशिलाने लिहिलेलं फारसं सापडत नाही. ब्रिटनमध्ये ‘एव्हरा’ आणि अमेरिकेत ‘झुलेन’ नावाने मिळतो तो पॅच डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. दोन्हींत औषधं तीच: नॉरेलजेस्ट्रोमिन (प्रोजेस्टोजेन गटातलं हार्मोन) आणि इथिनाइल एस्ट्राडायोल (एस्ट्रोजेन).

पद्धत सोपी आहे. आठवड्याला एक पॅच, असे सलग तीन आठवडे. चौथा आठवडा मोकळा, त्यात पाळीसारखं अंगावरून जातं. मोकळे सात दिवस संपले की पुढच्या दिवशी नवा पॅच, अंगावरून जात असलं तरी. बदलायचा वार ठरलेला, सोमवार तर सोमवारच. वेळ कोणतीही चालते.

घोळ पॅच पडल्यावर होतो. पाकिटातलं पत्रक म्हणतं, २४ तासांच्या आत परत लावला तर संरक्षण कायम. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हणते ४८. आणि बदलायला उशीर झाला, म्हणजे जुनाच पॅच आठव्या-नवव्या दिवशी अंगावर राहिला, तर पत्रकसुद्धा ४८ तासांची सूट देतं. एकाच पॅचला दोन मापं का? आणि प्रत्यक्षात बाईने कोणता आकडा धरायचा?

घाटमाथा
२४ धरा. पत्रक चाचण्यांवरून लिहिलेलं असतं. दोन आकडे समोर असतील तर कडक तो पाळावा.

औषधपेटी
घाटमाथा, कडक नियमालाही किंमत असते. ३० तास पॅच नव्हता म्हणून बाई नवं चक्र सुरू करते, वार बदलतो, सात दिवस कंडोम, आणि घाबरून इमर्जन्सी गोळीही घेते. यातलं किती गरजेचं होतं, हे ती कोणत्या आठवड्यात होती त्यावर ठरतं.

आधी दोन मापांचं. उशीर होतो तेव्हा पॅच अंगावरच असतो. एव्हराच्या एका पॅचमध्ये ६ मिलिग्रॅम नॉरेलजेस्ट्रोमिन आणि ६०० मायक्रोग्रॅम इथिनाइल एस्ट्राडायोल असतं. सात दिवसांत हे सगळं शरीरात जात नाही, त्यामुळे आणखी दोन दिवस पुरवठा कामापुरता चालू राहतो. पॅच पडला की पुरवठाच बंद. इथिनाइल एस्ट्राडायोल साधारण १७ तासांत निम्म्यावर येतं, नॉरेलजेस्ट्रोमिन २८ तासांत. म्हणून कंपनी पडलेल्या पॅचला कमी वेळ देते. एनएचएसचे ४८ कुठून येतात ते स्त्रीरोगवाल्यांनी सांगावं, अंडाशयाचा हिशोब ते जास्त चांगला मांडतील.

अबोली_लेस्टर
पण पडतोच का, ते आधी बघायला हवं. बऱ्याच वेळा लावतानाच चूक झालेली असते.

आंघोळीनंतर लगेच लावू नये. त्वचा कोरडी दिसली तरी दमट असते, थोडा वेळ जाऊ द्यावा. त्या जागी तेल, मॉइश्चरायझर, पावडर, सनस्क्रीन काहीही नको. पाकीट कडेने हाताने फाडायचं. कात्री लावली तर पॅच कापला जाण्याची भीती, आणि कापलेला पॅच वापरायचा नाही. पॅच पारदर्शक अस्तरासकट बाहेर काढायचा. अस्तराचा अर्धा भाग सोलायचा, चिकट बाजूला बोट न लावता तो भाग त्वचेवर टेकवायचा, मग उरलेलं अस्तर ओढून काढायचं. तळहाताने पूर्ण दहा सेकंद दाबून धरायचं आणि शेवटी कडेकडेने बोट फिरवायचं. कोपरा उचललेला असेल तर तो इथेच कळतो.

जागा: ओटीपोट, नितंब, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग. स्तनांवर कधीच नाही. परकराची किंवा सलवारीची नाडी जिथे बसते ती पट्टी टाळा, तिथे दिवसभर घासून कड गुंडाळली जाते. ब्राचा पट्टा येतो तिथेही तेच. नितंबाचा वरचा बाहेरचा भाग सगळ्यांत कमी त्रास देतो असं माझं मत. नवा पॅच नेमक्या जुन्या जागी लावायचा नाही, दोन बोटं सरकवला तरी चालतो.

कोथिंबीर
दंडावर लावला तर बिनबाह्यांच्या ब्लाउजमधून दिसतो, आणि लग्नात दहा मावश्या विचारणार, “अगं, काय लागलं?”

अबोली_लेस्टर
कोथिंबीर, म्हणूनच नितंब! 😄 शिवाय एव्हरा साधारण साडेचार सेंटिमीटरचा चौकोन आहे. झुलेन थोडा लहान आणि गोल, तरी दिसतोच.

जुईचा_वेल
दिवाळीतल्या अभ्यंगाचं काय? अंगभर तेल, वर उटणं.

अबोली_लेस्टर
पाण्याने काही होत नाही. आंघोळ, पोहणं, व्यायाम, सॉना सगळं चालतं. तेल मात्र कडेखाली शिरतं आणि गोंद सैल करतं. पॅचभोवती चार बोटं जागा तेलाशिवाय सोडायची, आणि उटणं तिथे घासायचं नाही. बदलायचा वार त्याच दिवशी असेल तर अभ्यंग आधी, साबणाने ती जागा स्वच्छ, पूर्ण कोरडी, मग नवा पॅच. जुन्या पॅचचा काळपट चिकट चौकोन उरतो, तो बेबी ऑइलने निघतो. पण नवा पॅच तिथून लांब लावा.

आणि सुटत आलेल्या पॅचवर बँडेज किंवा चिकटपट्टी लावू नका. पॅच घट्ट बसल्यासारखा दिसतो, पण खाली गोंद त्वचेला नीट टेकलेला नसेल तर औषध पुरेसं जात नाही. परत लावायचा तर तो स्वतःच्या गोंदावर टिकला पाहिजे. स्वतःवर दुमडून चिकटलेला, कपड्याचे धागे लागलेला किंवा आधी एकदा सुटून परत लावलेला पॅच पुन्हा वापरायचा नाही, सरळ नवा घ्यायचा.

घाटमाथा
मूळ चाचण्यांत पूर्ण पडलेले पॅच २ टक्क्यांपेक्षा कमी होते आणि अर्धवट सुटलेले सुमारे ३ टक्के. म्हणजे रोजच्या रोज पडत असेल तर पॅचला दोष देण्याआधी जागा आणि क्रीम तपासा.

रानजाई
मला एक सांगा, पॅच त्वचेतून जातो, पोटात जात नाही, म्हणजे गोळीपेक्षा सौम्य ना? रक्तात गुठळी होण्याची भीती नसावी.

औषधपेटी
रानजाई, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

पोटातून जात नाही याचा फायदा एवढाच की उलट्या-जुलाब झाले तरी संरक्षण जात नाही आणि रोजची आठवण ठेवावी लागत नाही. गुठळीच्या बाबतीत उलट आहे. पॅचमधून एस्ट्रोजेन सतत झिरपत राहतं. ३५ मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळीशी तुलना केली तर रक्तातलं सर्वोच्च टोक सुमारे २५ टक्के कमी असतं, पण एकूण शरीराला मिळणारं एस्ट्रोजेन सुमारे ६० टक्के जास्त. अमेरिकेत २००५ मध्ये हा इशारा लेबलवर आला. युरोपातले आकडे असे: हार्मोन न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या रोजच्या गर्भनिरोधक गोळीवर ५ ते ७, या पॅचवर ६ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो, त्यामुळे घाबरून काहीच न वापरणं हा उपाय नव्हे.

गैरसमज रजोनिवृत्तीच्या पॅचमुळे होतो. त्यात नैसर्गिक एस्ट्राडायोल असतं आणि तो गुठळीच्या बाबतीत खरोखर सौम्य आहे. पण तो गर्भनिरोधक नाही. इथिनाइल एस्ट्राडायोल कोणत्याही वाटेने गेलं तरी यकृतातले रक्त गोठवणारे घटक वाढवतंच.

ओपीडीनंतर
औषधपेटींनी नीट सांगितलं. कोणी वापरूच नये त्याची यादी मी देते: वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट, डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, चमक किंवा आंधळी जागा येऊन सुरू होणारी अर्धशिशी (वय काहीही असो), वाढलेला रक्तदाब, पूर्वी झालेली गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, स्तनांचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे नाही, अंगावर पाजत असाल तर किमान सहा आठवडे नाही. मोठी शस्त्रक्रिया होऊन अंथरुणावर राहावं लागणार असेल तर चार आठवडे आधी बंद.

वजनाचं बोलायला बायका संकोचतात, पण विचारलंच पाहिजे. ९० किलोच्या पुढे पॅचचा भरवसा कमी होतो. झुलेनच्या लेबलवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३० किंवा जास्त असेल तर वापरू नये असं आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेलचा ‘ट्विर्ला’ पॅच अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाला, त्यालाही हीच मर्यादा, आणि २५ ते ३० मध्येही परिणाम कमी.

पोटरी एकाच बाजूला दुखून सुजणं, अचानक धाप, छातीत कळ, एकाएकी प्रचंड डोकं दुखणं, दिसायला कमी होणं, बोलणं अडखळणं: यातलं काही झालं तर पॅच काढा आणि थेट इमर्जन्सीत जा. पॅच चालू आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा, कारण गोळ्यांची यादी सांगताना पॅच हमखास राहतो.

कोथिंबीर
स्तन दुखणं, मळमळ, मधेच डाग, हे सगळं गुठळीत मोडत नाही ना?

ओपीडीनंतर
नाही. स्तन दुखणं गोळीपेक्षा पॅचवर जास्त दिसतं, मुख्यतः पहिली दोन चक्रं. डाग पहिल्या तीन महिन्यांत पडतात. पॅच वेळेवर बदलत असाल तर डाग पडले तरी संरक्षण जात नाही, म्हणून पॅच काढून टाकू नका. पॅचखाली खाज, लाली असेल तर जागा बदलत राहा. फोड आले तर बंद.

नर्मदाकाठ
टीबीच्या औषधांचा मुद्दा कोणी काढला नाही, आणि आपल्याकडे तो आधी काढायला हवा. रिफाम्पिसिन यकृतातली हार्मोन मोडणारी यंत्रणा इतकी वाढवतं की पॅच, गोळी, योनीत ठेवायची हार्मोनची रिंग तिन्ही निकामी. उपचार संपल्यावरही चार आठवडे परिणाम राहतो. फेफऱ्याची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं त्याच गटातली. लॅमोट्रिजिनचं उलट आहे: एस्ट्रोजेनमुळे त्याचीच रक्तातली पातळी घसरते आणि झटके येऊ शकतात. अशा बायकांना तांबी किंवा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन बरं.

साध्या अँटिबायोटिकने मात्र काही होत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन घेताना जादा कंडोम हवा हा जुना सल्ला आता दिला जात नाही.

जुईचा_वेल
भारतात सरकारी दवाखान्यात पॅच मिळतो का? नणंद विचारत होती.

नर्मदाकाठ
नाही. सरकारी यादीत कंडोम, माला-एन आणि छाया या गोळ्या, तांबी, अंतरा आणि नसबंदी. अलीकडे काही जिल्ह्यांत दंडात बसवायची कांडीही. पॅच नाही. परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांनी भारतात दुकानात मिळेल या भरवशावर निघू नये. पूर्ण मुक्कामाचे पॅच आणि एक-दोन जादा हँडबॅगेत ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, पाकीट आधी फोडून ठेवायचं नाही, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाहीत.

रानजाई
विमानात घड्याळ बदलतं, मग वार कसा मोजायचा?

औषधपेटी
जिथे उतरलात तिथला वार धरा. साडेपाच किंवा साडेदहा तासांनी काही बिघडत नाही, ४८ तासांच्या आत आपण आरामात असतो. लांबच्या विमानप्रवासात तासा-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या.

शेवंती
सुट्टीवरून आठवलं. गणपतीत किंवा घरच्या कार्यात पाळी नको म्हणून बायका नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीन, पाळीच्या तीन दिवस आधीपासून घेतात. पॅच चालू असताना हे घ्यावं का?

ओपीडीनंतर
शेवंती, अजिबात घेऊ नये, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. त्या डोसमध्ये नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनाइल एस्ट्राडायोलमध्ये बदलतो, म्हणजे पॅचच्या एस्ट्रोजेनवर आणखी एस्ट्रोजेन. पॅचवाल्या बाईला वेगळी गोळी लागतच नाही. तिसरा पॅच काढला की मोकळा आठवडा न घेता लगेच चौथा लावायचा, कार्य झालं की तो काढायचा. एकवीस दिवस सलग पॅच झालेले असले की सात दिवसांपर्यंतचा मोकळा काळ कधीही घेता येतो. ब्रिटनमध्ये डॉक्टर असं सांगतात. अमेरिकेत पॅचमधल्या जादा एस्ट्रोजेनमुळे काही डॉक्टर महिनोन्महिने सलग वापरायला नको म्हणतात, त्यांचं म्हणणंही रास्त आहे. एखाद्या कार्यापुरतं पुढे ढकलायला हरकत नसते.

घाटमाथा
सगळं छान, पण सांजवातताईंचा प्रश्न तसाच राहिला. ४८ कुठून आले?

ओपीडीनंतर
आता तेच लिहायला बसले आहे.

अंडाशय शांत व्हायला सात दिवस सलग हार्मोन लागतं. एकदा शांत झालं की सात दिवस हार्मोन नसलं तरी बीज सुटण्यापर्यंत मजल जात नाही. मोकळा आठवडा याच हिशोबावर उभा आहे. म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात पॅच दीड दिवस नसला, तर रक्तातलं औषध बरंच उतरतं हे खरं, पण अंडाशय एवढ्यात जागं होत नाही. पत्रक रक्तातल्या औषधाकडे बघून २४ म्हणतं, एनएचएस अंडाशयाकडे बघून ४८ म्हणते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनाही ४८ च मानतात.

पण एनएचएसच्या ४८ ला एक अट आहे आणि लोक ती वाचतच नाहीत: पडण्याआधी सलग सात दिवस पॅच नीट लागलेला असला पाहिजे. पहिल्या आठवड्यात, समजा चौथ्या दिवशी पडला, तर अंडाशय मोकळ्या आठवड्यातून नुकतंच येत होतं आणि पुन्हा खाडा पडला. इथे ४८ तासांच्या आत लावला तरी सात दिवस कंडोम. २४ की ४८ यावर वाद घालण्यापेक्षा कितवा आठवडा ते आधी विचारा.

सगळ्यांत महाग चूक तर पॅच पडण्याची नाहीच. मोकळा आठवडा लांबला, म्हणजे नवं चक्र सुरू करायलाच विसर पडला, ती. तिथे ४८ तास उलटले असतील तर लगेच पॅच, सात दिवस कंडोम, आणि मधल्या काळात संबंध आला असेल तर इमर्जन्सी गोळीबद्दल विचारा. लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी घेतली तर पॅच त्याच दिवशी लावता येतो. युलिप्रिस्टल ही दुसरी इमर्जन्सी गोळी घेतली तर पॅच पाच दिवस थांबून लावायचा, आणि ते पाच दिवस व त्यानंतरचे सात दिवस कंडोम, कारण हार्मोन लगेच लावलं तर ती गोळीच निकामी होते. उलट तिसरा पॅच काढायला विसरलात तर काही बिघडत नाही. काढा आणि पुढचा ठरलेल्या वारी लावा.

घाटमाथा
पटलं. पण ४८ च्या पुढे गेलं, मग वार बदलायचा की नाही? त्यावरही दोन मतं वाचली.

औषधपेटी
आहेतच. एनएचएस म्हणते नवं चक्र सुरू करा, आजचा दिवस पहिला, वारही आजचा. सीडीसी म्हणते जुना वार तसाच ठेवा, सात दिवस दुसरं साधन वापरा, आणि तिसऱ्या आठवड्यात घडलं असेल तर मोकळा आठवडा गाळून सरळ पुढचं चक्र लावा. झुलेनचं पत्रक नवं चक्र म्हणतं. संरक्षण दोन्हींत येतं. ज्या डॉक्टरकडून घेता त्यांची पद्धत पाळा, दोन्हींची खिचडी करू नका.

सांजवात
ओपीडीनंतर, सात दिवसांची अट मी कोणत्याच मराठी लेखात वाचली नव्हती, मनापासून आभार. शेवटचं एक: आठवड्याच्या मधे पडला म्हणून नवा लावला, तर तो सात दिवस ठेवायचा की ठरलेल्या वारी काढायचा?

औषधपेटी
४८ तासांच्या आतली गोष्ट असेल तर ठरलेल्या वारीच, मग तो दोनच दिवस लागलेला असला तरी. त्यामुळे चक्राच्या शेवटी एक पॅच कमी पडतो. झुलेनच्या खोक्यात तीनच असतात, म्हणून बदलीचा एक सुटा पॅच प्रिस्क्रिप्शनवर आधीच लिहून घ्या. एव्हराच्या नऊच्या खोक्यात तिसऱ्या महिन्यापर्यंत ही तूट लक्षात येत नाही, तेव्हा पडला त्याच आठवड्यात दवाखान्याला कळवा. आणि काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडा, कचऱ्याच्या डब्यात टाका. पोरांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका, आणि संडासात मुळीच नाही. त्यात उरलेलं एस्ट्रोजेन नदीत गेलं की माशांच्या प्रजननावर परिणाम करतं.